चीज डिपची बरणी आणि माझं पोटॅशियम

डायलिसिसवर असलेल्या माणसाला भेटायला आलेले लोक पहिला प्रश्न जेवणाचा विचारतात. काय चालतं, काय चालत नाही? मी सांगायला लागले की अर्ध्यातच त्यांचे चेहरे पडतात. नवीन पेशंटच्या घरचेही हेच विचारतात, म्हणून एकदाचं लिहायला बसले आहे. पण पथ्याची यादी माझ्याकडे मागू नका. ती डॉक्टरांनी द्यायची असते आणि प्रत्येकाची वेगळी असते. मी लिहिणार आहे ते चीज डिपच्या एका बरणीबद्दल, आणि त्या बरणीपायी आमच्या घरात जे रामायण झालं त्याबद्दल.

मी पाटोद्याला राहते. इथल्याच एका शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे. तराजू, मापं, परीक्षानळ्या धुणं हे माझं काम. घरात आम्ही तिघं. मी, माझे मिस्टर आणि माझ्या सासूबाई. मिस्टरांना मी 'प्रज्ञाचे पप्पा' म्हणते, सासूबाईंना 'आत्याबाई'. प्रज्ञाचे पप्पा वीज खात्यात वायरमन आहेत. प्रज्ञा आमची एकुलती एक. ती पुण्यात खाण्याचे पदार्थ बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात चौकट छापलेली असते ना, ऊर्जा इतकी, प्रथिनं इतकी, ती आकडेमोड ती करते.

सोबत कोण आहे?

सहा-सात महिने संध्याकाळी पाय सुजायचे. दिवसभर उभं राहून होत असेल म्हणून मी सोडून दिलं. सकाळी मळमळायचं, ते पित्तावर ढकललं. पाटोद्यात प्रत्येकालाच पित्त असतं. मग तोंडाला सारखी लोखंडाची चव यायला लागली, शाळेचा जिना चढताना धाप लागायला लागली, तेव्हा एका सुट्टीच्या दिवशी एकटीच बीडला गेले.

डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला आणि माझ्याकडे न बघता माझ्या मागे बघितलं. मग विचारलं, सोबत कोण आहे? तेवढ्यावरून मला कळलं. कोणी नाही, काय असेल ते मलाच सांगा, म्हटलं. त्यांनी सांगितलं. दोन्ही किडन्या आक्रसल्या होत्या. ब्लड प्रेशर कित्येक वर्षं वाढलेलं असणार, असं ते म्हणाले. पोरांना सगळं मोजायला शिकवणाऱ्या मी स्वतःचं प्रेशर प्रज्ञाच्या बाळंतपणानंतर मोजलंच नव्हतं. लाज वाटली. भीती नंतर वाटली.

परत येताना अशक्तपणा वाटत होता म्हणून स्टँडवर अर्धा डझन केळी घेतली आणि एसटीत बसून दोन खाल्ली. किडनीच्या पेशंटला केळं म्हणजे विषच, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पुढच्या आठवड्यात कळल्यावर मी आणि प्रज्ञाचे पप्पा दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून हसलो होतो. त्यानंतर बरेच दिवस हसल्याचं आठवत नाही.

मंगळवार आणि शनिवार

आठवड्यातून दोन दिवस बीडला जायचं. सकाळची एसटी, मग वजनकाटा, मग खाट. डाव्या हातात शस्त्रक्रिया करून जाड केलेली शीर आहे, तिच्यात दोन सुया. चार तास मशीन रक्त बाहेर काढतं, धुतं, परत आत सोडतं. सुटल्यावर पुन्हा वजनकाटा. लघवी जवळजवळ होत नाही, त्यामुळे प्यालेलं सगळं पाणी अंगातच साठतं. मधल्या दिवसांत दोन-सव्वादोन किलो वजन वाढतं, ते मशीन खेचून घेतं. घरी आलं की अंगातून कोणीतरी हाडं काढून घेतल्यासारखं वाटतं. बुधवारी जरा माणसात येते. अजूनही हेच चालू आहे. यात बरं होणं असं काही नसतं, हे समजायला मला वर्ष लागलं.

माझ्या शेजारच्या खाटेवर रशीदभाई असतात. बीडला त्यांचा फळांचा गाडा आहे. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी ओळख करून घेतली आणि म्हणाले, "ताई, डाळिंब माजं, केळं माजं, मोसंबी माजी. आन् मलाच एक फोड खायची परवानगी न्हाई." ते हे रोज नव्या माणसाला सांगतात आणि रोज स्वतःच हसतात. त्या हॉलमध्ये त्यांच्यासारखा एक माणूस असणं ही मोठी मेहेरबानी आहे.

दोनच दिवस जावं लागतं म्हणून माझी नोकरी टिकली. मंगळवारची रजा आणि शनिवारची अर्धी शाळा हेडमास्तरांनी सांभाळून घेतली. उरलेल्या दिवसांत मी पेशंट नसते. पोरं मॅडम म्हणतात, ॲसिडची बाटली फुटली की माझ्याच नावाने ओरडतात. मला ते हवं असतं. दवाखान्याबाहेर मला उभं राहायला तेवढी एकच जागा आहे.

दोनदा उकळून

पोटॅशियम नावाची एक गोष्ट असते. ती भाज्यांत, फळांत, डाळीत असते. चांगल्या किडन्या ती बाहेर टाकतात, आमच्या टाकत नाहीत. रक्तात ती फार वाढली तर हृदय उभ्या उभ्या बंद पडू शकतं. म्हणून भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायची, पाणी टाकायचं, पुन्हा उकळायची, पुन्हा पाणी टाकायचं. मग उरतो तो चोथा फोडणीला घालायचा, तोही जवळजवळ अळणी.

मला उभं राहवेना तेव्हा स्वयंपाक आत्याबाईंनी हातात घेतला. वय सत्तरीच्या पुढे. त्यांचं माहेर शिरूर कासारकडचं, उमेदीची सगळी वर्षं ऊसतोडीला गेली. लिहिता-वाचता येत नाही, पण दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी सांगितलेलं सगळं त्यांनी तोंडपाठ केलं. भाजी दोनदा उकळायची म्हणजे दोनदाच, त्यात चुकारपणा नाही. माझी भाकरी वेगळी, भाजी वेगळी, ताट वेगळं. मी जेवताना त्या समोर बसून राहायच्या आणि मी घास ठेवला की त्यांचं तोंड उतरायचं.

खरं सांगते, मला त्या जेवणाचा वीट आला होता. सात महिने जिभेला काही लागलं नव्हतं.

बरणी

दिवाळीनंतर प्रज्ञा दोन दिवसांसाठी आली. पप्पांसाठी तिने कंपनीची एक बरणी आणली, स्पायसी चीज डिप. तिने स्वतः आकडे काढलेलं पहिलं लेबल त्या बरणीवर होतं. पिवळं, दाट, आत लाल मिरचीचे तुकडे. पप्पांनी बोटावर घेऊन चाटलं आणि हे काय लेकरांचं खाणं, म्हणून फ्रीजमध्ये ठेवून दिलं. आई, तू हात लावायचा नाहीस, असं प्रज्ञा मला दोनदा सांगून गेली.

बुधवारी दुपारी आत्याबाई आडव्या झाल्यावर मी फ्रीज उघडला. आधी लेबल वाचलं. मोजमापाचं काम करणारी बाई आहे मी, डोळे झाकून खाणाऱ्यातली नाही. ऊर्जा अठ्ठ्याहत्तर किलोकॅलरी. प्रथिनं दोन ग्रॅमच्या आत. स्निग्ध पदार्थ सात ग्रॅमच्या आत. सोडियम तीनशे दहा मिलिग्रॅम. सोडियम म्हणजे मीठच. मला दिवसाला दोन हजारांच्या आत राहायचं होतं. आत्याबाईंच्या अळणी स्वयंपाकात तीनशे दहा कुठेही बसत होतं. मी भाकरी घेतली आणि डिपमध्ये बुडवली.

तो पहिला घास मी विसरणार नाही. आंबट, खारट, तिखट, तिन्ही एकदम. डोळ्यांत पाणी आलं आणि ते मिरचीचं नव्हतं.

आकडे ज्या ओळीखाली होते ती ओळ मी वाचलीच नव्हती, की वाचून न वाचल्यासारखी केली, ते आज सांगता येणार नाही. 'प्रति तीस ग्रॅम' असं तिथे होतं. तीस ग्रॅम म्हणजे दोन मोठे चमचे. माझ्या एका भाकरीला त्याच्या तिप्पट लागत होतं. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, तीन दुपारी तीनशे ग्रॅमची बरणी संपली. तहान अशी लागली की मी मोरीत जाऊन नळाला तोंड लावून पाणी प्याले.

शनिवारी काट्यावर पावणेचार किलो जास्त भरले. मशीनने तेवढं पाणी खेचायला घेतलं तशा पोटऱ्यांत गोळे आले आणि प्रेशर धाडकन उतरलं. शुद्ध हरपता हरपता रशीदभाईंनी टेक्निशियनला हाक मारलेली तेवढी आठवते. दुपारी डॉक्टरांसमोर प्रज्ञाच्या पप्पांनी विचारलं, काय खाल्लंस? मी खरं सांगितलं. एसटीत ते माझ्या शेजारी न बसता पुढच्या सीटवर बसले.

रिकामी बरणी आत्याबाईंनी घासून तिच्यात जिरं भरलं. लेबल निघालं नाही, तसंच राहिलं.

एकदा चोर

मी पुन्हा तसलं काहीही खाल्लं नाही. वजन ताळ्यावर आलं. पण पुढच्या महिन्याच्या तपासणीत पोटॅशियम सहाच्या वर निघालं, ते साडेपाचच्या आत हवं असतं. त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी वर. डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला आणि शांतपणे सांगितलं की अजून एक महिना बघू, उतरलं नाही तर आठवड्याला तीन डायलिसिस करावे लागतील. हे असंच राहणं धोक्याचं आहे.

तीन दिवस म्हणजे शाळा संपली. हेडमास्तर भले आहेत, पण तीन दिवस नसणारी सहायक कोणती शाळा ठेवील? ते मी घरी सांगितलं तर प्रज्ञाचे पप्पा म्हणाले, "मग खातेस कशाला चोरून?"

मी खात नाही, म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. तेवीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी माझी शाळेची पर्स उघडी दिसली, डब्याच्या पिशवीची चेन अर्धवट लावलेली. ते शोधत होते. मी चिडले नाही, चिडायला अंगात ताकद लागते. मी न्हाणीघरात जाऊन रडले आणि तोंड धुऊन शाळेत गेले.

आत्याबाई माझी बाजू घ्यायच्या. खाल्लं आसंल तर खाल्लं, लेकराची जीभ हाय, असं त्या लेकाला सांगायच्या. म्हणजे मी खाल्लं हे त्यांनाही मान्यच होतं. माझा जीव जाईल याची मला तितकी भीती वाटत नव्हती, पण खोटारडी ठरून जाईन याची वाटत होती.

प्रज्ञाने मात्र फोनवर वेगळं विचारलं. तू खाल्लंस का, असं न विचारता ती म्हणाली की डिपमध्ये पोटॅशियम किती हे लेबलवर नसतंच, ते छापायची सक्ती नाही. दोन दिवसांनी तिने कंपनीतल्या तपासणीचा आकडा काढून सांगितला. "आई, अख्ख्या बरणीत मिळून एका बटाट्याएवढंही नाही. बरणीने तुला तहान लावली, पाणी चढवलं, तिच्यातलं फॉस्फेटही तुला वाईटच. पण हे पोटॅशियम तिचं नाही. तू रोज चोरून डिप खाल्लंस तरी एवढं चढणार नाही."

माझ्यावर कोणीतरी विश्वास ठेवला होता, तोही आकडेमोड करून. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसं झालं होतं. अर्थात तो संन्यासी फारसा साधू नव्हता, ही गोष्ट वेगळी.

तिच्या सांगण्यावरून चार दिवस मी तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट वहीत लिहिली. भाकरी, उकळलेली भाजी, अर्धी वाटी वरण, भात. यादी स्वच्छ होती. भाकरीवर तर संशय घ्यायचं कोणाच्या मनातही आलं नाही.

परातीपाशी

रविवारी सकाळी बुद्धवंदना झाल्यावर मी स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसले. एरवी त्या वेळी मी पडून असते. आत्याबाईंनी पालक आणि बटाटा उकळला. पातेल्यावर झाकण धरून हिरवं पाणी दुसऱ्या पातेल्यात निथळून घेतलं. भाजीवर नवं पाणी घालून पुन्हा उकळायला ठेवली. सगळं बाईंनी सांगितल्याप्रमाणे.

मग त्यांनी परातीत ज्वारीचं पीठ घेतलं. ज्वारीला गरम पाणी लागतं, नाहीतर भाकरी फाटते. त्यांनी ते हिरवं, वाफाळतं पाणी पिठात ओतलं आणि मळायला बसल्या.

आत्याबाई, हे पाणी? एवढंच विचारता आलं.

त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर चोरी पकडल्याचं काही नव्हतं, उलट कौतुकच होतं. "आगं, भाजीचा समदा कस ह्या पान्यात उतरतोय. त्यो मोरीत वतायचा व्हय? आमी उसाच्या फडात हंडाभर पान्यासाठी किती चाललो, मला इचार. तुला चोथा खायला घालायचा आन् कस फेकून द्यायचा, माज्यानं न्हाई व्हत. दवाखान्यात बेसुद पडलीस तवापास्नं तुज्याच पिठात घालते रोज. आमच्या भाकरीला साधं पानी. तुज्या अंगाला लागाया पायजे."

रोज. माझ्याच पिठात. भाज्यांतलं सगळं पोटॅशियम गोळा करून, गरम गरम, मला एकटीला. बाईंनी भाजी उकळायला सांगितली होती, पाणी टाकायला सांगितलं होतं. का टाकायचं ते आत्याबाईंना कोणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही. सगळ्या शाळेला विरघळणं म्हणजे काय ते दाखवणारी मी.

त्या सकाळी मला ओरडता आलं असतं. प्रज्ञाच्या पप्पांना हाक मारून परात दाखवता आली असती. दोन महिन्यांचा कलंक एका क्षणात धुतला गेला असता. हाक ओठांपर्यंत आली होती. पण त्या म्हातारीचे हात पिठात होते आणि ती माझ्यासाठी मळत होती. सुनेच्या जिवावर आपणच उठलो होतो हे कळलं असतं तर तिने पुन्हा चुलीपाशी पाऊल ठेवलं नसतं. कदाचित जेवणही टाकलं असतं. मी तिला ओळखते.

त्या दिवशी आणि सोमवारीही भूक नाही म्हणून नुसता भात खाल्ला. मंगळवारी मशीनवर पडल्या पडल्या रशीदभाईंना विचारलं, तुमच्याकडे उकळलेलं पाणी कुठे जातं? त्यांची बेगम ते गार करून कढीपत्त्याला घालते म्हणाले. घरी येऊन मी आत्याबाईंना म्हटलं, आपला कढीपत्ता वाळत चाललाय, भाजीचा कस त्याला घालत जा. आणि डॉक्टरांनी सुईच्या हाताला मुठीचा व्यायाम सांगितलाय, तेव्हा माझं पीठ उद्यापासून मी मळणार. व्यायामाचं खरंच होतं, फक्त तो रबरी चेंडूने करायचा असतो. पाणी झाडाला जातंय म्हटल्यावर त्यांची तक्रार नव्हती.

पाच पॉइंट एक

महिन्याने रिपोर्ट आला. पोटॅशियम पाच पॉइंट एक. तिसरा दिवस टळला. डॉक्टर खूश झाले आणि मला म्हणाले, बघा, जिभेवर ताबा ठेवला की होतं. प्रज्ञाच्या पप्पांनी मान हलवली. "चोरून खाणं बंद केलंय सर तिनं आता," ते म्हणाले.

"हो सर," मी म्हटलं, "बंद केलंय."

रोज सकाळी पंचशील म्हणणारी बाई मी, खोटं न बोलण्याचं चौथं शील असं भर दवाखान्यात मोडलं. आत्याबाई तेव्हापासून गल्लीभर सांगतात की त्या पुण्याच्या बरणीनं आमच्या सुनेचा जीव घेतला असता. बायका माझ्याकडे बघून हसतात. मीही हसते.

नव्या पेशंटच्या घरच्यांना मला एवढंच सांगायचं आहे. लेबल वाचा, 'प्रति' नंतरचा आकडा आधी वाचा. पण जो स्वयंपाक करतो त्याच्याजवळ बसा आणि काय करायचं याच्याबरोबर का करायचं तेही सांगा. आमच्याकडे ते राहिलं. आणि पेशंट मी खाल्लं नाही म्हणत असेल तर निदान एकदा विश्वास ठेवून बघा.

हे छापून आलं की आत्याबाई वाचणार नाहीत, त्यांना वाचता येत नाही. प्रज्ञाचे पप्पा वाचतील. त्यांना तोंडाने सांगायला मला जमलं नाही, म्हणून इथे लिहिते. त्या दोन महिन्यांत मी एकदाही चोरून खाल्लं नव्हतं. वाचून झालं की माझ्याजवळ येऊन बसा, काही बोलू नका. आणि घरात आत्याबाईंसमोर मला पथ्यावरून रागावता ना, तसेच रागवत राहा.